नैवाशाचं तळं आणि डाव्या बाजूची गाडी

केनियाला जायचं ठरलं ते अरविंद डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले त्या दिवशी. नोव्हेंबरातली दुपार होती, बाहेर हॅम्बर्गचा नेहमीचा बारीक पाऊस. माझे यजमान ओला कोट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी कोबी चिरत होते.

"पाणघोडे बघायचेत असं किती वर्षं म्हणतोय आपण," ते म्हणाले. "या फेब्रुवारीत बघून घेऊ. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही."

मी सुरी खाली ठेवली. "डॉक्टर काय म्हणाले?"

"डोळ्याच्या पडद्याची मधोमध झीज होतेय. वयाने होते. सुरुवात आहे."

"गाडी चालवायची का?"

"अगं, सुरुवात आहे म्हटलं ना."

तेव्हाच मी कागद मागायला हवा होता. इथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं रक्ताच्या काचा तपासल्या, आणि स्वतः पाहिल्याशिवाय कशावरही सही केली नाही. घरात मात्र केली. त्यांनी सांगितलं, मी मान डोलावली आणि कोबी चिरायला घेतला. म्हणून २००७च्या फेब्रुवारीतल्या या प्रवासात माझं निम्मं लक्ष प्राण्यांकडे होतं आणि निम्मं नवऱ्याच्या डोळ्यांकडे. त्यांना नक्की किती दिसतं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. या लेखात पक्षी कमी आणि रस्ता जास्त वाटला, तर कारण हे आहे.

नैवाशा निवडलं त्यामागे तीन कारणं होती. पहिलं म्हणजे ते महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे उकाडा नाही. दुसरं, एकाच गावात मुक्काम ठेवून रोज वेगवेगळीकडे जाऊन येता येतं: तळं, तळ्यातलं बेट, प्राण्यांचं रान, आणि जरा लांबवर रोहित पक्ष्यांचं नाकुरू. रोज बॅग भरायची नाही. माझ्या गुडघ्यांना ते मानवतं. तिसरं कारण अरविंदचं. केनियात गाड्या डाव्या बाजूने चालतात.

"म्हणजे आपल्याच बाजूने," ते म्हणाले. "ड्रायव्हर कशाला? मी चालवतो. पुण्यात सात वर्षं चालवली आहे. हात विसरत नाहीत."

त्या सात वर्षांना आता चौतीस वर्षं होऊन गेली होती. पण डाव्या बाजूचं नाव निघालं की आमच्या पिढीच्या इथल्या माणसांना आपण घरी चाललो आहोत असं वाटायला लागतं, आणि मग हिशेब सुचत नाही. मलाही सुचला नाही. माझ्याकडे जर्मन परवाना आहे, १९८१ साली काढलेला. तीन वर्षं चालवली, तीही उजव्या बाजूने, आणि मग सोडून दिली. आमच्या घरात गाडी एकच माणूस चालवतो.

मुलगी केतकी कोलोनला असते. ती मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. फोनवर तिने तीन वाक्यांत विषय संपवला: ड्रायव्हर घ्या, पप्पा ऐकणार नाहीत, तू ऐकायला लाव. मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे काय, असं तिने विचारलं. मी फोन ठेवला.

पहिला दिवस: नैरोबी ते नैवाशा

रात्रीच्या विमानाने गेलात तर त्याच दिवशी गाडी हातात घेऊ नका. आम्ही एक रात्र नैरोबीत काढली. तरी सकाळी मी तशीच आंबलेली होते. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड, गाडीचे कागद, आंतरराष्ट्रीय परवाना, सगळं एका पिशवीत आणि ती पिशवी माझ्या मांडीवर. भाड्याची गाडी उंच, चारही चाकांना जोर असलेली, जुनी पण नीट. चालकाची जागा उजवीकडे. अरविंद आत बसले, गिअरवर डावा हात ठेवला आणि हसले. फार दिवसांनी हसले होते.

नैवाशाचा रस्ता दोन तासांचा. मधे एका ठिकाणी डोंगर संपतो आणि पायाखाली एकदम दरी उघडते. तिथे पत्र्याच्या टपऱ्या आहेत, मेंढीच्या कातड्याच्या टोप्या विकतात, आणि गरम दुधाचा चहा मिळतो. चहा आपल्यासारखाच, दुधात उकळलेला. दरीकडे बघत मी उभी राहिले. खाली सपाट जमीन, विझलेल्या ज्वालामुखीचा एक डोंगर, आणि त्यापलीकडे धूसर.

"कसं आहे?" मी विचारलं.

"मोठं आहे," अरविंद म्हणाले.

एवढंच. थकले असतील, असं मी धरलं.

उतारावर मालाच्या गाड्यांची रांग असते आणि खड्डे चुकवायला सगळे कुठूनही कुठेही येतात. अरविंदनी एका पिवळ्या ट्रकच्या मागे गाडी घातली आणि नैवाशा येईपर्यंत त्याच्याच मागे ठेवली. ओव्हरटेक नाही, घाई नाही. हॅम्बर्गमध्ये ट्रकमागे अर्धा मिनिट राहिले तर पुटपुटणारा हा माणूस. मला बरं वाटलं. वयाने शहाणपण आलं, असं मी म्हटलंही.

"येतं कधीतरी," ते म्हणाले.

तळ्याच्या दक्षिणेच्या रस्त्याला लागलं की आधी तळं दिसतच नाही. दिसतात ती प्लास्टिकची लांबच लांब हरितगृहं. आत गुलाब. हॅम्बर्गच्या स्टेशनांवर फेब्रुवारीत बादलीत ठेवून विकतात ते गुलाब मला आजवर हॉलंडचे वाटत. त्यातले किती इथून जातात ते तिथल्या फाटकांवरच्या ट्रकांवरून कळलं. शिफ्ट सुटली होती आणि रस्त्याच्या दोन्ही कडांनी बायका रांगेने घरी चालल्या होत्या. अरविंद फार हळू गेले. मी पिशवीचा बंद घट्ट धरून बसले होते, हे मला पोचल्यावर बोटं दुखली तेव्हा कळलं.

मुक्काम वांजिरू नावाच्या बाईंच्या चार खोल्यांच्या घरी होता. वांजिरू साठीच्या, अंगाने भक्कम, बोलायला माझ्यासारख्याच. इंग्रजी स्वच्छ. मला त्या मामा म्हणत, अरविंदना म्झे. तिकडे मामा म्हणजे आई, म्झे म्हणजे वडीलधारे.

"केतकीचा मामा! पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझा मेहुणा झालीस," अरविंद मला मराठीत म्हणाले.

"हसताय कशाला?" वांजिरूंनी विचारलं.

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "म्हणजे तुमच्याकडे बायकोला मान द्यायचा तर तिला पुरुष करावं लागतं," एवढंच म्हणाल्या आणि ताटं मांडायला गेल्या.

जेवायला हिरव्या पालेभाजीची परतून केलेली भाजी, तळ्यातला मासा, आणि चपाती. त्यांची चपाती जाड, तेल लावून गुंडाळून लाटलेली, पदर सुटणारी. मी आमची पातळ पोळी कशी असते ते सांगितलं.

"पातळ?" त्या म्हणाल्या. "मग पोट कशाने भरतं?"

पोळीला असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी आणखी एक चपाती घेतली.

संध्याकाळी सहानंतर त्यांच्या हिरवळीच्या टोकाला विजेची तार सुरू होते. पाणघोडे चरायला पाण्याबाहेर येतात, ते त्या तारेपलीकडे थांबतात. काठापासून लांब, व्हरांड्यात बसून बघायचं. तीन मोठे काळे आकार गवत ओढत होते. गवत तुटल्याचा आवाज स्पष्ट येतो.

"दिसले?" मी विचारलं.

"दिसले की," अरविंद म्हणाले. पण ते जरा डावीकडे बघत होते, जिथे काही नव्हतं.

दुसरा दिवस: बोट आणि बेट

बोटीसाठी सकाळी सातला निघा. दहानंतर वारा सुटतो आणि पाणी उसळतं. भाडं बोटीचं असतं, तासावर, माणशी नव्हे. ते पाण्यात जाण्याआधी बोलून घ्या. आमचे नावाडी कामाऊ, पन्नाशीचे, डोक्यावर लोकरी टोपी. बोटीत चढताना माझा गुडघा नाही म्हणाला. कामाऊंनी काही न बोलता स्वतःचा गुडघा पायरीसारखा पुढे केला आणि मी त्यावर पाय देऊन चढले.

काठाने पपायरसचं उंच गवत. पेलिकन, पाणकावळे, पाण्यात उभी वाळकी झाडं. पाणघोडे म्हणजे सुरुवातीला फक्त कान. कामाऊ इंजिन बंद करून कान मोजतात आणि दोनाने भागतात. "आणि कान विषम आले तर?" अरविंदनी विचारलं. "तर एक जण बोटीखाली आहे," कामाऊ म्हणाले. थट्टा होती. मी तरी खाली वाकून पाहिलं.

मग मत्स्यगरुड. डोकं पांढरंशुभ्र, पंख काळे, झाडाच्या शेंड्यावर बसलेला. कामाऊंनी शीळ घातली, मासा पाण्यावर फेकला.

"तो बघा, वाळक्या झाडावर," मी म्हटलं.

"दिसला, दिसला. काय झेप घेतली," अरविंद म्हणाले.

गरुड अजून बसलेला होता. त्याने झेप घेतली ती यानंतर, सावकाश, जणू जरा विचार करून. पाण्याला पाय लावले, मासा उचलला आणि गेला. कामाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकडे पाहिलं. त्या क्षणी बोलायला हवं होतं. पण सकाळ सुंदर होती, मी थकलेली होते, आणि एकदा बोलले की हा प्रवास तिथेच संपणार हे मला कळत होतं.

तिथून बेटावर. क्रेसेंट बेटावर सिंह-बिबटे नाहीत, त्यामुळे जिराफ, झेब्रे, हरणं यांच्यामधून पायी हिंडता येतं. बूट बंद घाला, गवतात काटे आहेत. तिथे एक गंमत झाली, निदान तेव्हा मला ती गंमत वाटली. कामाऊ पुढे, मी मधे, अरविंद मागे. अचानक अरविंद म्हणाले, "डावीकडे जिराफ. दोन."

कामाऊ थांबले. त्यांनाही दिसले नव्हते. बाभळींच्या फटीत, पिवळ्या खोडांसारख्याच उभ्या दोन माना. "म्झे, तुमचे डोळे तरुण आहेत," कामाऊ म्हणाले.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी स्वतःला चांगलं झापलं. माणूस आपल्यापेक्षा जास्त बघतो आहे आणि तू संशय घेत फिरते आहेस. त्या दुपारी मी वांजिरूंच्या व्हरांड्यात तीन तास झोपले. आठवड्यातली ती एकच खरी झोप.

तिसरा दिवस: हेल्स गेट

नाव नरकाच्या दाराचं, पण रान उघडं आणि शांत आहे. दोन्ही बाजूंना लाल कडे आणि मधून मातीचा सरळ रस्ता. इथे पायी आणि सायकलवरही हिंडू देतात, म्हणून पुष्कळ लोक सायकलने येतात. रानाच्या पलीकडे जमिनीतल्या वाफेवर वीज करतात, तिथले कामगारही याच रस्त्याने ये-जा करतात. पाणी भरपूर न्या, आत काही मिळत नाही. धूळ इतकी बारीक की दुपारपर्यंत पापण्या जड होतात.

सकाळी छान गेलं. अरविंद पुन्हा माझ्याआधी प्राणी दाखवत होते. उजवीकडे रानडुकरं. डावीकडे रेडे, लांब आहेत, घाबरू नकोस. मी फोटो काढत होते. परतीला, साडेबाराच्या सुमारास, ते म्हणाले, "उजवीकडे झेब्रे, मोठा कळप," आणि मी उजवीकडे पाहिलं. खरंच होते. मग मी समोर पाहिलं.

समोर, आमच्याच बाजूला, रस्त्यात एक माणूस सायकल उलटी ठेवून साखळी बसवत होता. उन्हात, सपाट रस्त्यावर, निळा शर्ट. त्याच्यात आणि आमच्यात बसची लांबी असेल, आणि गाडीचा वेग तोच होता.

"अहो, माणूस," मी म्हटलं.

"कुठे?" अरविंद म्हणाले.

ते सरळ त्याच्याकडे बघत होते.

मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी घसरली, तिरकी झाली, बंद पडली. धूळ पुढे गेली आणि आम्ही मागे राहिलो. धूळ बसली तेव्हा तो माणूस रस्त्याकडेच्या गवतात उभा होता आणि सायकलचं मागचं चाक आमच्या बंपरखाली होतं. मी उतरले.

त्याला लागलं नव्हतं. नाव ओटिएनो, वय पंचेचाळीसच्या आसपास, वाफेच्या कारखान्यात फिटर. त्याने आधी सायकल ओढून काढली, चाक फिरवून पाहिलं, वाकलेलं मडगार्ड बुटाने दाबून सरळ केलं. मग गाडीत बसलेल्या अरविंदकडे पाहिलं. ते अजून स्टिअरिंग धरून होते.

"मामा," तो म्हणाला, रागाने नव्हे, "या म्झेंना दिसत नाही."

दोन मिनिटांत त्याला कळलं होतं. मला तीन महिने लागले होते.

मी अरविंदच्या बाजूचं दार उघडलं. "झेब्रे बघत होतो," ते म्हणाले.

"नाही. खरं सांगा."

माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत त्यांनी सांगितलं. मधोमध काही नाही. राखाडी डाग आहे. कडेकडेने दिसतं, चांगलं दिसतं, म्हणून जिराफ दिसले, झेब्रे दिसले. जे समोर असतं ते जातं. डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिला होता, मधे ठिपका, रोज एका डोळ्याने बघायला. तो मी आमच्या न्हाणीघरातल्या कपाटात पाहिला होता आणि यांच्या कारखान्यातल्या नोकरीचं काहीतरी जुनं आरेखन असेल म्हणून सोडून दिला होता. त्या कागदावरचा ठिपका डिसेंबरातच गेला होता. ट्रकच्या मागे गाडी ठेवली, कारण ट्रक मोठा होता. डागाच्या बाहेर उरत होता.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुझा चेहरा बघायचा तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

हिवाळाभर मी त्यांच्यावर चिडत होते की मी बोलत असताना तुमचं लक्ष दुसरीकडे असतं. त्यावर ते एकदाही काही बोलले नव्हते.

"डॉक्टरांनी गाडीचं काय सांगितलं होतं?"

"चालवू नका म्हणून."

मला काय वाटलं ते लिहीत नाही. "उतरा," एवढंच म्हटलं.

फाटक अजून सात-आठ किलोमीटर होतं. फोनला रेंज नव्हती. ओटिएनोला गाडी येत नव्हती. राहिले मी. तेवीस वर्षं न चालवलेली, डाव्या बाजूने कधीच न चालवलेली, आणि आंतरराष्ट्रीय परवाना नसलेली. परवाना नसताना चालवणं चूक होतं. तुम्ही करू नका. आम्ही भर दुपारी रेड्यांच्या रानात बसून राहणंही चूकच होतं, आणि दोन्हींतली एक निवडायची होती.

ओटिएनोने साखळी बसवली आणि म्हणाला, "मी पुढे जातो. तुम्ही माझं मागचं चाक बघा, दुसरं काही बघू नका. पोले पोले." म्हणजे हळूहळू.

पहिला गिअर टाकताना माझा उजवा हात दारावर आपटला. गिअर डावीकडे. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा निघाली. पुढे निळा शर्ट आणि ते मडगार्ड, मागे आम्ही, माणसाच्या धावण्याच्या वेगाने. डाव्या बाजूला अरविंद.

"डावीकडे खड्डा आहे," काही वेळाने ते म्हणाले.

"मला बोलायचं नाही आत्ता."

"बोलू नकोस. डावीकडे खड्डा आहे, एवढंच सांगतोय."

खड्डा होता. मी चुकवला. यानंतर फाटकापर्यंत ते तसंच सांगत राहिले, उजवीकडे रानडुक्कर, डावीकडे दगड, आणि मी समोरचं चाक बघत राहिले. फाटकाशी ओटिएनोचे मी आभार मानले. त्याने हात हलवला, कामावर उशीर झाला होता. तिथे फोन लागला, आणि पुढे वांजिरूंच्या भाच्याने येऊन गाडी चालवली.

संध्याकाळी वांजिरूंनी चहा आणला आणि माझ्याजवळ बसल्या.

"रागावलात?"

"हो."

"त्यांच्यावर की स्वतःवर?"

"तुम्हाला चहा थंड आवडतो का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण थंड होऊ दिला तर पितेच." आणि बसून राहिल्या.

चौथा दिवस: नाकुरू

ड्रायव्हर घेतला. पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता. कामाच्या माहितीत एवढीच गोष्ट महत्त्वाची आहे: ड्रायव्हर घ्या. त्याला रस्ता माहीत असतो, प्राणी माहीत असतात, आणि तुम्हाला दोघांनाही खिडकी मिळते.

नाकुरू दीड तास. अरविंद मागच्या सीटवर, मी त्यांच्या शेजारी. आम्ही सकाळपासून कामापुरतंच बोलत होतो. नाकुरूच्या तळ्याला उग्र वास आहे, खाऱ्या चिखलाचा, आणि रोहित पक्ष्यांचा सततचा कुजबुजता गलका, बाजार लांबून ऐकावा तसा. पाण्याच्या कडेने गुलाबी पट्टा, नजर पोचेल तिथवर.

मी "दिसतंय का?" विचारणार होते. विचारलं नाही. ते विचारलं की त्यांना हो म्हणावं लागतं, एवढं मला आदल्या दिवशी कळलं होतं. मी नुसती उभी राहिले.

काही वेळाने तेच बोलले. "पक्षी नाही दिसत. पट्टा दिसतो. एकही पक्षी नाही, पण रंग आहे, इथून तिथपर्यंत." त्यांनी मान सावकाश डावीकडून उजवीकडे नेली, मग परत. "आता उजव्या टोकाला काहीतरी उठलं."

उजव्या टोकाचा थवा उठला होता. मी उशिरा पाहिला.

"किती असतील?" त्यांनी विचारलं.

"मोजता येत नाहीत."

"पाय कसे आहेत? पुस्तकात लाल असतात."

मी दुर्बीण लावली आणि सांगितलं. पाय लालसर, गुडघा उलटा वाकल्यासारखा, काठाचे चार जण मान पाण्यात उलटी घालून चालताहेत, एक पिल्लू अजून राखाडी आहे, त्याला कुणी विचारत नाही. मी अर्धा तास बोलत होते. ते माझ्या कानाकडे बघत ऐकत होते. ड्रायव्हरने गाडीतली सुटी सीट काढून आणली आणि न विचारता माझ्यामागे ठेवली. मी बसले. तेवढा वेळ पाय दुखले नाहीत असं लिहिलं तर खोटं होईल. दुखत होते.

परत

हॅम्बर्गला उतरलो तेव्हा पाऊस होता आणि एस-बानला, म्हणजे इथल्या लोकलला, उशीर. गाडी आमच्या इमारतीखाली होती तशी होती, विंडस्क्रीनवर पानं. अरविंदनी किल्ल्या मला दिल्या नाहीत. मी मागितल्या. दिल्या. त्यानंतर साधारण महिनाभर ते माझ्याशी शनिवारी सकाळी बोलत नव्हते, कारण शनिवारी ते गाडी धूत. केतकी कोलोनहून आली, बापाशी बंद दाराआड जर्मनमध्ये भांडली, मग दोघं बाहेर येऊन मराठीत चहा मागू लागले. तिच्यासमोर त्यांनी कपाटातून डॉक्टरांच्या तपासणीचा कागद काढून टेबलावर ठेवला. मी तो दोनदा वाचला. त्यात सुरुवात असा शब्द कुठे नव्हता.

नैवाशाबद्दल लोक विचारतात, जावं का. जावं. तळं चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, जेवण साधं आणि पोटभर. मी दमून परत आले आणि अजून तो थकवा पूर्ण गेलेला नाही. त्यातला किती प्रवासाचा आणि किती तीन महिने नवऱ्याच्या डोळ्यांवर पहारा देण्याचा, मला वेगळा काढता येत नाही. मत्स्यगरुडाचा फोटो हलला आहे. रोहित पक्ष्यांचे सगळे चांगले आले आहेत.

एप्रिलमध्ये मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दहा तास लावले. शिकवणारा मुलगा केतकीपेक्षा लहान. तिसऱ्या तासाला म्हणाला, "बघा, तुम्ही रिकाम्या रस्त्यावरही ब्रेक लावता." मी म्हटलं, हो, लावते.

परवाच्या रविवारी पहिल्यांदा आम्ही दोघं निघालो, एल्ब नदीच्या बांधावर हंस उतरलेत असं शेजारी म्हणाले म्हणून. मी आधी उतरून गाडीशी थांबले. अरविंद जिन्याने आले, फरशीवरून सवयीने गाडीच्या डाव्या, म्हणजे इथे चालकाच्या, दाराशी गेले आणि मूठ धरली. तिथेच उभे राहिले. मग त्यांनी मूठ सोडली, बॉनेटवर हात ठेवून गाडीच्या पुढून वळसा घालून उजवीकडे गेले, दार चाचपडून उघडलं आणि बसले.

पट्टा अडकल्याचा आवाज येईपर्यंत मी बाहेर उभी होते. मग बसले आणि किल्ली फिरवली.